नूकच्या खाडीतील अरुंद कयाक

तारकर्लीच्या खाडीत भाड्याने मिळणाऱ्या प्लास्टिकच्या कयाकमध्ये मी अनेकदा बसले आहे. तिचा तळ रुंद आणि सपाट असल्यामुळे चढताना कोणाचा हातसुद्धा धरावा लागत नाही, आणि जी होडी कमी डुलते तीच सुरक्षित, असे मी बरीच वर्षे मानत आले होते. गेल्या जुलैमध्ये ग्रीनलंडची राजधानी नूक येथे गेले, तेव्हा हा समज पार बदलला.

तेथील जुन्या बंदरालगत राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यातील कयाकांसमोर मी अर्धा दिवस घालवला. लांबी पाच मीटरांच्या आसपास, रुंदी मात्र जेमतेम अर्धा मीटर. समुद्रातून वाहत आलेल्या लाकडांचा दोऱ्यांनी बांधलेला सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सील या समुद्री प्राण्याचे कातडे. ही मापे कयाक वापरणाऱ्या शिकाऱ्याच्या शरीरावरूनच घेतली जात, म्हणजे लांबी त्याच्या पसरलेल्या हातांच्या सुमारे तिप्पट आणि रुंदी कमरेहून थोडीशीच अधिक. अशी कयाक दुसऱ्याला नीट बसणे कठीणच.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क गृहस्थांनी मला कापडाने मढवलेल्या तशाच कयाकमध्ये बसवले. पहिली पाच मिनिटे मी अक्षरशः थरथरत होते. खाडीच्या तोंडाशी बाजूने लाटा येऊ लागल्या, तेव्हा मात्र तिचे मर्म कळले. रुंद, सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहतो. पाणी तिरके झाले की होडीही तितकीच तिरकी होते, आणि उभ्या लाटेवर ती उलटायला वेळ लागत नाही. अरुंद कयाक मात्र लाट खालून जाऊ देते आणि बसणाऱ्याला कमरेने स्वतःला सरळ ठेवता येते. शिवाय तिच्या बाजू वरच्या अंगाला बाहेर झुकलेल्या असल्याने ती जितकी कलते, तितका पाण्याचा आधार ठरावीक मर्यादेपर्यंत वाढत जातो.

तरीही ती उलटतेच, आणि तिथल्या थंडगार पाण्यात पोहत राहणे जिवावर बेतते. म्हणून बाहेर न पडता वल्ह्याच्या फटक्याने पुन्हा सरळ होण्याची विद्या या होडीचाच भाग मानली जाते. मांड्या वरच्या आडव्या लाकडाला घट्ट टेकतात, पाठीमागचा भाग मुद्दाम सखल ठेवलेला असल्याने मागे झोपून उठता येते, आणि कयाकमध्ये बसायच्या भोकाच्या कडेभोवती बांधलेल्या अंगरख्यामुळे पाणी आत शिरत नाही. भाल्याच्या दोरीत हात अडकला किंवा वल्हे हातून सुटले, तरी कसे उठायचे याच्या वेगवेगळ्या रीती तिथे आजही शिकवल्या जातात.

या रचनेला किंमतही आहे. आतली जागा इतकी अपुरी की घाईने बाहेर निघणे अवघड जाते, आणि आत पाणी भरले तर कातड्याच्या कयाकमध्ये तरंगण्याची शक्ती फारशी उरत नाही. म्हणून आता पुढेमागे हवेच्या पिशव्या कोंबतात. त्या गृहस्थांनीही निघण्यापूर्वी प्रथम त्याच तपासल्या.

आपल्या कोकणातील होडीला उलांडी असते, म्हणजे अरुंद होडीचा तोल एका बाजूला बाहेर काढलेल्या लाकडी तरंड्यावर सोपवलेला असतो. सीलच्या मागे बर्फाच्या तुकड्यांमधून वाट काढणाऱ्या शिकाऱ्याला ते तरंडे अडलेच असते. त्याने तोल स्वतःच्या कमरेवर घेतला. मला तो घेता आला नाही. उथळ पाण्यात मी तीनदा उलटले आणि तिन्ही वेळा त्या गृहस्थांनी आपल्या कयाकचे टोक माझ्या हाताशी आणले, तेव्हाच वर आले.