पाच वर्षांची रोजनिशी: तिसऱ्या वर्षाचे सात महिने

मंडळी, आधी 31 जुलैपर्यंतचा हिशेब. 212 दिवसांपैकी 193 दिवस लिहिलं, 19 सुटले. त्यातले 11 एकट्या मे महिन्यातले, गावी होते तेव्हाचे. सुटलेले चौकोन कोरेच ठेवलेत. आठवून आठवून मागाहून भरलेली नोंद मला कधीच खरी वाटत नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी सांगते. या वहीत एका तारखेला एकच पान असतं आणि त्यावर वर्षाला एक असे पाच चौकोन. माझ्या वहीत चौकोनाला सहा ओळी आहेत. आजचं लिहायला बसलं की गेल्या वर्षीचं आणि त्याच्या आधीचं आपोआप नजरेखालून जातं.

त्यामुळेच एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या वर्षी मी ‘आज फार दमले’, ‘मन लागत नाही’ असंच बरंच लिहायचे. आता त्यातून काही हाती लागत नाही. कशाने दमले, कुठे होते, काही आठवत नाही. पण जानेवारी 2024 मधली ही नोंद बघा, ठाणे-ऐरोली लोकल प्रवासातली, दिघा गाव स्टेशन नुकतंच सुरू झालं तेव्हाची: ‘गाडी पहिल्यांदाच दिघा गावला थांबली. आमच्या डब्यातून कुणी उतरलं नाही, सगळ्या खिडकीतून वाकून बघत होत्या. शेजारच्या मावशींनी डबा उघडून भाकरीचा तुकडा दिला. ठेचा जहाल.’ हे वाचलं की ती खिडकी, तो ठेचा आणि त्या दिवशीचा थकवासुद्धा परत येतो. म्हणून आता डोळ्यांनी पाहिलेलं आधी लिहिते.

सतराव्या शतकातल्या लंडनच्या सॅम्युअल पीप्सची रोजनिशी अजून वाचली जाते ती याचमुळे. 1660 ते 1669 अशी साडेनऊ वर्षं तो लघुलिपीत लिहीत होता. 1666 साली लंडनला आग लागली, तेव्हा त्याने बागेत खड्डा खणून वाइन आणि परमेजान चीज पुरून ठेवलं, आणि तेही लिहून ठेवलं. आगीची माहिती इतरत्रही मिळेल. पण घर जळेल या धास्तीत माणूस काय वाचवायला धावतो, ते रोजनिशीतच सापडतं.

मन मोकळं करायला मी वेगळी साधी वही ठेवलीय. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा 1986 चा प्रयोग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस रोज 15 मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहिलं. घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत ते आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. माझाही अनुभव असाच आहे. त्या वहीतलं लगेच परत वाचत नाही.

शाईबद्दल थोडं. जूनपासून हवा इतकी दमट आहे की फाउंटन पेनची शाई कागदावर फुटते. त्यात बॅगेत पाण्याची बाटली सांडली आणि मार्चची चार पानं निळी झाली. बॉलपेनने लिहिलेल्या ओळी मात्र जशाच्या तशा राहिल्या. गणपती होईपर्यंत बॉलपेनच. वही झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

आता या सात महिन्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट. जूनमध्ये बाबांना गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे नेलं. ‘कधीपासून दुखतंय?’ बाबा म्हणाले, ‘झाले असतील दोन-तीन महिने.’ मलाही तसंच वाटत होतं. घरी येऊन वही उघडली. गेल्या नोव्हेंबरात: ‘गावदेवी मार्केटहून भाजी घेऊन आलो. बाबा जिन्यात चौथ्या पायरीवर थांबले. म्हणाले, चप्पल निसटली.’ जानेवारीत: ‘तलावपाळीला अर्ध्या फेरीतच बाबा बाकावर बसले, पिशवी माझ्याकडे दिली.’ मार्चमधलं पान भिजलेलं, पण वाचता आलं: ‘बाबा आज पाटावर नाही, खुर्चीवर जेवले.’

तिन्ही नोंदी माझ्याच हाताने लिहिलेल्या. त्या पानांवर बराच वेळ हात ठेवून बसले होते. लिहिलं सगळं होतं, सलग वाचलं मात्र नव्हतं. वर्षांचे चौकोन एकाखाली एक दिसतात, महिने असे शेजारी दिसत नाहीत. पुढच्या भेटीत तिन्ही तारखा डॉक्टरांना दिल्या, त्यांनी केसपेपरवर उतरवून घेतल्या आणि ‘दोन-तीन महिने’ खोडलं. व्यायाम सुरू झालाय.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहासोबत मागचे तीन महिने वाचते. साधारण पाऊण तास लागतो. घरातल्या माणसांची नावं पेन्सिलने अधोरेखित करते, म्हणजे एकाच माणसाच्या नोंदी पटकन जोडता येतात. आतापर्यंत सहा रविवार झाले. कुणी हे आधीपासून करत असेल तर कसं करता ते जरूर सांगा.

आजचा चौकोन: ‘पाऊस उघडला होता. कचराळी तलावाला बाबांच्या दोन फेऱ्या, मध्ये एकदाच बसले. घरी येताना स्वतःहून म्हणाले, लिही हो आजचं.’