तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांनी चढवलेले फोटो दुसऱ्याच डोमेनवर का?

मी सांभाळते त्या साइटच्या नूतनीकरणाचं बिल गेलं की फोन येतो. "आमच्या संस्थेच्या नावाचं डोमेन समजलं, पण हे दुसरं कसलं? आमच्या साइटवरच्या फोटोवर राइट क्लिक केलं तर भलताच पत्ता दिसतो. साइट हॅक तर नाही ना झाली?" फोंड्यातल्या संस्थांचे सचिव विचारतात, आसगावच्या होमस्टेवाल्या विचारतात, डिचोलीच्या शाळेतले क्लार्क विचारतात. मध्यंतरी एकांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "बाय, यात तुला कमिशन किती सुटतं?" फोनवर तोडकंमोडकं उत्तर देऊन मी दमले आहे. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

कमिशन शून्य. दुसऱ्या डोमेनला वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये पडतात आणि तेवढेच मी बिलात लावते. साइट हॅक झालेली नाही. तो पत्ता मीच मुद्दाम वेगळा घेतला आहे.

कारण असं. तुमच्या साइटवर बाहेरचा माणूस फाइल चढवू शकतो: स्पर्धेचा फोटो, नोकरीचा अर्ज, पाहुण्याचं आधार कार्ड. त्याच साइटवर तुमच्यापैकी कोणीतरी पासवर्ड टाकून कारभारही बघतं. ब्राउझरला माणसं ओळखता येत नाहीत, तो फक्त पत्ता बघतो. नेटस्केपच्या काळापासून, म्हणजे 1995 च्या सुमारापासून, हाच नियम चालत आला आहे: एका पत्त्यावरून आलेलं सगळं एकमेकांचं, दुसऱ्या पत्त्यावरून आलेलं परकं. कोणा अनोळखी माणसाची फाइल तुमच्या पत्त्यावरून दिली, तर ब्राउझरच्या लेखी ती तुम्हीच लिहिलेली असते. संस्थेचं कोरं लेटरहेड शिक्का मारून काउंटरवर ठेवावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर हवं ते लिहावं, तसं हे होतं.

इथवर सांगितलं की लोक म्हणतात, "असं प्रत्यक्षात कुठे होतं?" झालेलं आहे. कुठे झालं ते नाव घालून सांगणार नाही, पण काय झालं ते सांगते.

अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची, एक संस्था चतुर्थीला माटोळी स्पर्धा घेते. माटोळी म्हणजे आमच्या गोव्यात गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची आरास. लोक घरच्या माटोळीचा फोटो साइटवर चढवतात, परीक्षक त्यातून निवड करतात. साइट मी केलेली नव्हती. त्याच साइटवर देणगीचं पान होतं आणि त्यावर संस्थेचा यूपीआयचा क्यूआर कोड. ते पान बदलायचा अधिकार फक्त खजिनदारांना. खजिनदार म्हणजे मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पावती पुस्तकाची एकेक स्थळप्रत जपून ठेवणारा माणूस.

चतुर्थी उलटल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की देणगी दिलेल्यांची नावं बँकेच्या खात्यात दिसतच नाहीत. क्यूआर कोड बदललेला होता. पैसे भलत्याच खात्यात गेले होते. कोणी बदलला हे साइटच्या नोंदीत लिहिलेलं होतं: वापरकर्ता खजिनदार, वेळ रात्रीची, आणि इंटरनेटचा पत्ता मास्तरांच्याच घरचा.

मला बोलावलं ते या टप्प्यावर. समितीला फक्त खात्री करून हवी होती.

साइटची नोंद आणि सर्व्हरची कच्ची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कच्च्या नोंदीत प्रत्येक मागणीची एक ओळ असते. त्या रात्रीच्या ओळी मी एकेक करून वाचल्या. मास्तर प्रवेशिका तपासत बसले होते; एकामागून एक फोटो, मध्ये अर्धा-पाऊण मिनिट. मग एक फाइल उघडलेली दिसली, जिच्या नावाच्या शेवटी जेपीजी नव्हतं, एसव्हीजी होतं. त्याच्या पुढच्याच सेकंदाला देणगीचं पान मागवलं गेलं होतं आणि त्याच सेकंदात ते बदलून सेव्हही झालं होतं. त्यानंतर अर्ध्या मिनिटाने पुन्हा पुढची प्रवेशिका, शांतपणे, काही झालंच नसल्यासारखी. पान उघडून, नवं चित्र निवडून, सेव्हचं बटण दाबायला एक सेकंद कोणत्याही माणसाच्या हाताला पुरत नाही. मास्तर तर माउस दोन्ही हातांनी धरायचे.

ती फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली. एसव्हीजी हे चित्र असलं तरी आतून ते अक्षरांत लिहिलेलं असतं आणि त्यात स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरने आपोआप पाळायच्या सूचना, घालता येते. या फाइलच्या पोटात खराखुरा फोटो बसवलेला होता: सुपारीचे घड, आंबाडे, निरफणस, मध्ये गणपती. त्यामुळे यादीत ती बाकीच्या माटोळ्यांसारखीच दिसत होती. यादीत चित्र म्हणून दाखवली जाते तेव्हा ब्राउझर आतली स्क्रिप्ट चालवत नाही. पण मास्तरांनी "मूळ आकारात पहा" दाबलं, फाइल नव्या टॅबमध्ये आपली आपण उघडली, आणि तिथे ती चित्र राहिली नाही, संस्थेच्या पत्त्यावरचं एक पान झाली. फोटोच्या खालच्या ओळींनी मास्तरांच्या चालू सेशनमधून, म्हणजे त्यांनी आधीच केलेल्या लॉगिनच्या जोरावर, देणगीचं पान मागवलं, फॉर्ममधलं गुप्त टोकन (मागणी साइटच्याच पानावरून आली याची खूण) वाचलं आणि नवा क्यूआर कोड पाठवून दिला.

हे मी देवळाच्या अग्रशाळेत समितीसमोर सांगितलं. पुढचं बोलणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"म्हणजे मास्तरांचा पासवर्ड चोरीला गेला?"

"नाही. पासवर्ड कोणाला कळलेलाच नाही."

"मग बदल कोणी केला?"

"त्या फाइलने. मास्तरांच्या ब्राउझरमधून."

"ब्राउझर मास्तरांचा, लॉगिन मास्तरांचं. म्हणजे मास्तरांनीच ना?"

मी पुन्हा समजावलं. सेकंद दाखवले, फाइलमधल्या ओळी दाखवल्या. काहींना पटलं. काहींनी मान हलवली, आणि त्या हलवण्यात पटल्याची खूण नव्हती. मास्तर भिंतीकडच्या खुर्चीवर बसून होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "बाय, नोंदीतलं माझं नाव काढता येत नाही?"

येत नाही. नोंद बदलली तर मग तिला काही किंमतच राहत नाही. मी त्यांना तेच सांगितलं, आणि ते सांगताना मला स्वतःचा राग आला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार झाली, बँकेला पत्र गेलं, पण ते खातं तोवर रिकामं झालं होतं. मास्तरांनी तेवढी रक्कम आपल्या पेन्शनमधून भरली आणि पद सोडलं. भरू नका, असं कोणी म्हटलं नाही. गावात आजही काहीजण म्हणतात, "भरले म्हणजे काहीतरी असणारच."

प्रवेशिका दुसऱ्या डोमेनवर असत्या तर काय झालं असतं? फाइल उघडली असती, स्क्रिप्टही चालली असती. पण परक्या पत्त्यावर. तिथे मास्तरांचं सेशन नाही, आणि संस्थेच्या साइटचं पान वाचायला ब्राउझरने तिला मनाई केली असती. पान वाचता आलं नाही म्हणजे टोकन मिळालं नाही, आणि टोकनाशिवाय आंधळेपणाने पाठवलेली मागणी साइटने फेटाळली असती. नोंदीत मास्तरांच्या नावाची ती ओळच उमटली नसती. तुम्ही मला दुसऱ्या डोमेनचं कारण विचारता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती ओळ असते. साइट बिघडली तर मी बॅकअपवरून उभी करीन. माणसाच्या नावापुढे उमटलेली ओळ मला मागे घेता येत नाही.

आता तुमच्या शंका.

"सबडोमेन फुकट मिळतं, मग त्यावर ठेव ना." सबडोमेन म्हणजे आपल्याच डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेला पत्ता. काहीच न करण्यापेक्षा ते बरं. पण कुकीच्या, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या चिठ्ठीच्या, बाबतीत ब्राउझर घरातल्या घरात सैल असतो. मुख्य डोमेनच्या नावाने ठेवलेली कुकी सबडोमेनकडेही जाते, आणि सबडोमेनवर चाललेली स्क्रिप्ट मुख्य डोमेनसाठी कुकी ठेवूनही देऊ शकते. प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या गिटहबने 2013 साली लोकांची पानं मुख्य डोमेनखालून काढून गिटहब डॉट आयओवर हलवली, ती याच काळजीपोटी. शिवाय आपल्या नावाखाली कोणी खोटी लॉगिन पानं थाटू नयेत, हेही कारण होतंच.

"ते मोठे लोक, आपण कुठे!" हे मला मान्य नाही. गुगल लोकांच्या फाइली गुगलयूजरकंटेंट डॉट कॉमवरून देतं, ड्रॉपबॉक्सचं ड्रॉपबॉक्सयूजरकंटेंट डॉट कॉम आहे, फेसबुकचे फोटो एफबीसीडीएन डॉट नेटवरून येतात. त्यांच्याकडे रात्रंदिवस नोंदी वाचणारी माणसं आहेत आणि तरी ते वेगळं डोमेन घेतात. आपल्याकडे नोंदी कोण वाचतं? पैसे गेल्यावर मला बोलावलं जातं.

"फाइल आत घेतानाच तपासून घे." हे मात्र मला सहज उडवून लावता येत नाही, कारण पूर्वी मी स्वतः हेच म्हणायचे. फक्त जेपीजी आणि पीएनजी घ्या, एसव्हीजी बंद करा, आलेला फोटो सर्व्हरवर उघडून नव्याने सेव्ह करा, की आतला कचरा गळून जातो. तेव्हाची मी आजच्या मला विचारते, यात खोट काय? फोटोपुरती खोट फारशी नाही. मी आजही फोटो नव्याने सेव्ह करते. पण शाळेला पीडीएफ हवं असतं, नाटक मंडळाला वर्डमधली संहिता. ती नव्याने सेव्ह करायला गेलं की मांडणी विस्कटते आणि लोक चिडतात. आणि धोकादायक फाइलींची यादी कधी पुरी होत नाही. जुना इंटरनेट एक्स्प्लोरर तर फाइलीचा प्रकार सांगितलेला असूनही आत डोकावून स्वतःच ठरवायचा की हे वेबपान दिसतंय, आणि चालवायचा. ते थांबवायला पुढे नोस्निफचा हेडर आला; हेडर म्हणजे फाइलीसोबत सर्व्हर ब्राउझरला पाठवतो ती सूचना. आज तो मी प्रत्येक साइटवर लावते. पण तो येण्याआधी ज्यांनी नेमकी तपासणी केली होती, तेही फसलेच होते. वेगळ्या डोमेनला ही यादी लागत नाही. जे येईल ते परकं, एवढंच त्याला ठाऊक असतं.

तेव्हाची मी तरीही गप्प बसत नाही. ती म्हणते, हेडरनेच फाइल सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी साइटला हात लावता येणार नाही अशा बंदिस्त जागेत, टाकता येते, किंवा ब्राउझरने ती न उघडता थेट डाउनलोड करावी असं सांगता येतं, मग हजार रुपये कशाला? तिचं म्हणणं खरं आहे. हेडर नीट लावलेले असतील तर मास्तर त्याही वाटेने वाचले असते. फक्त, सर्व्हर बदलला, होस्टिंगवाल्याने काही अद्ययावत केलं, नव्या पोराने सेटिंगची फाइल पुसली, तर हेडर गेल्याचं कोणाला कळत नाही. साइट तशीच दिसत राहते. डोमेन बदललं तर फोटोच दिसेनासे होतात आणि तासाभरात मला फोन येतो. मला ते जास्त भरवशाचं वाटतं. तिला अजून वाटत नाही.

आणि वेगळं डोमेन घेतलं की सगळं सुटलं, असं मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या डोमेनवरून कोणी खोटं बँकेचं पान दाखवू शकतं, व्हायरस ठेवू शकतं. नूतनीकरण चुकलं आणि ते डोमेन दुसऱ्याने उचललं, तर तुमच्या जुन्या पानांवर त्याला हवे ते फोटो तो दाखवील. म्हणून बिल वेळेवर भरा, असं मी इतकं मागे लागून सांगते. साइटवर लॉगिन नाही, बाहेरचं कोणी काही चढवत नाही, नुसती माहितीची चार पानं आहेत, अशांना मी दुसरं डोमेन घ्यायला लावत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या बिलात तो रकाना नाही, त्यांचं कारण हे.

लहान संस्थांना हजार रुपयेही जड जातात, म्हणून मी सगळ्यांत मिळून एक डोमेन घेऊन प्रत्येकाला त्याखाली वेगळं सबडोमेन दिलं आहे. तिथे कोणाचंच लॉगिन नाही, एकही कुकी नाही, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या कारभारापर्यंत पोचत नाही. पण एकाने घाणेरडी फाइल चढवली आणि ब्राउझरने त्या सबंध डोमेनवर धोक्याची लाल पाटी लावली, तर डिचोलीच्या शाळेचे फोटो पेडण्याच्या कोणाच्या तरी पायी बंद होतील. चतुर्थीच्या आठवड्यात असं झालं तर मी कोणाकोणाला काय उत्तर देऊ? प्रत्येकाचं डोमेन वेगळं करावं तर निम्मे जण म्हणतील नको, आणि मग फाइली पुन्हा त्यांच्याच पत्त्यावर येतील, मास्तरांच्या होत्या तशा. या वर्षी ज्यांच्या साइटवर देणगी किंवा फी भरली जाते त्यांना स्वतंत्र डोमेन आणि बाकीच्यांना एकत्र, असं ठरवलं आहे. होमस्टेवाल्यांना कुठे बसवायचं, हे अजून ठरलेलं नाही. त्यांच्याकडे फीही नाही आणि देणगीही नाही, पण पाहुण्यांची आधार कार्डं आहेत.