जखमेचा तुकडा आणि फॉर्मवरचा रिकामा रकाना

उसाची ट्रॉली उलटून माझ्या धाकट्या भावाची मांडी फाटली आणि जखमेत शेतातली माती खोलवर गेली. पहिली शस्त्रक्रिया, रक्त, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवणे हे सारे सुरळीत पार पडले. पुढे मात्र प्रतिजैविके चालू असतानाच जखमेची कड काळी पडली आणि प्रत्येक ड्रेसिंगला ती काळी कड वाढलेली दिसू लागली.

सर्जनना बुरशीचा संशय आला. नातेवाईक विचारत होते की, याला ना साखर, ना कोरोना झालेला, मग म्युकर (काळी बुरशी) कसा होईल? पण मातीतली अपोफायझोमायसीस ही म्युकरच्या गटातली बुरशी अपघाताच्या जखमेतून धडधाकट माणसालाही ग्रासते. अमेरिकेतील जॉप्लिन येथे मे २०११ च्या टोर्नेडो वादळानंतर याच कुळातील बुरशीने १३ जखमींना गाठले आणि त्यांतील ५ दगावले.

खरा अडसर आला तो प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा अख्खा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, टाकला गेला होता. फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते, त्यामुळे त्यातून कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखण्याची तपासणी, होऊ शकत नाही. सलाईनमधला दुसरा तुकडा नव्हताच, आणि फॉर्मवर बुरशीच्या तपासणीचा रकाना रिकामा होता. ‘‘दादा, फॉर्मवर लिहिलेलं नाही, मी काय करू?’’ असे उत्तर मिळाले. मी वॉर्डात गेलो, तर तिथे म्हणाले की नमुना पाठवला आहे, अहवालाची वाट पाहा. ज्या तुकड्याचे कल्चर होणारच नव्हते, त्याच्या अहवालाची वाट पाहायची, आणि तिकडे काळी कड वाढतच होती! या टोलवाटोलवीचा राग मला आजही येतो. अखेर सर्जननी पुन्हा जखम साफ करताना ताजा तुकडा काढला, तो सलाईनमध्ये ठेवला आणि मी स्वतः नेऊन दिला. केओएच तपासणीत (तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) त्याच संध्याकाळी रुंद, जवळजवळ पडदे नसलेले तंतू, म्हणजे म्युकरच्या गटाची खूण, दिसले. काही तासांचे हे काम आधीच झाले असते, तर मांडीचा बराच स्नायू वाचला असता, असे मला ठामपणे वाटते.

म्हणून असा संशय असेल, तर तुकड्याचे दोन भाग करून एक सलाईनमध्ये व एक फॉर्मलिनमध्ये पाठवण्याची विनंती करा, आणि फॉर्मवर ‘बुरशी, केओएच व कल्चर’ असे लिहिले आहे का, ते शस्त्रक्रियेआधीच पाहा. तुकडा वाटून त्याचा लगदा केल्यास हे तंतू मरतात, तो बारीक कापूनच कल्चरसाठी लावावा लागतो, हे मला तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर बाईंनी सांगितले.

उपचार लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध आणि वारंवार मृत भाग कापणे असे झाले. पाय वाचला आणि पुढे त्वचारोपणही झाले, तेव्हा आईने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केले.

आणखी काही गोष्टी सांगतो. लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे औषध मिठाच्या सलाईनमध्ये नव्हे, तर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात. ते चालू असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम यांचे अहवाल रोज मागून घ्या. शिवाय व्होरिकोनाझोल हे दुसरे बुरशीविरोधी औषध म्युकरवर चालत नाही, म्हणून बुरशी कोणत्या गटातली आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.