तुम्ही विचारलंत म्हणून: भत्ता, पार्ट टाइम आणि नोकरीची शोधाशोध

गल्लीत, लग्नात, दाढीला बसलो तरी एकच प्रश्न, "काय बे, नोकरी गेली तेव्हा भत्ता पण घेतलास, दुकानात पार्ट टाइम पण केलास, वर इंटरव्ह्यू पण, एकदम कसं काय?" एकदम नाहीच जमलं हो, एकामागून एक केलं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघायचो. ऑर्डरी घटल्या आणि आम्हा काहीजणांना घरी बसवलं. एचआरवाला म्हणाला राजीनामा लिहून दे, हिशोब लवकर होईल. मी नाही लिहिला, तेवढं एक डोकं त्या दिवशी ठिकाणावर होतं. कारण ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे ना, हा भत्ता तिचाच, ती मर्जीविरुद्ध काम गेलेल्यांसाठी आहे, आणि आयुष्यात एकूण 90 दिवसच मिळते.

किती मिळतं विचाराल तर मागच्या दोन वर्षांचा एकूण पगार भागिले 730, त्याचं निम्मं, तेवढे रोजचे. माझा आधी 16 हजार, मग 18, म्हणजे दिवसाला 279 रुपये पडले, तीन महिन्यांचे पंचवीस हजाराच्या आसपास. तेही लगेच नाही, काम गेल्यावर 30 दिवस झाले की क्लेम, आणि माझं आधारवर एक नाव, पासबुकात दुसरं, त्या दुरुस्तीत आणखी दिवस गेले, चूक माझीच. तोवर घर चाललं ते बायकोच्या शिलाईवर, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो.

त्या 90 दिवसांत दुकानाचं काम समोरून आलं होतं. नाही घेतलं. बेरोजगार आहे म्हणून क्लेम करायचा आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसायचं, हे मला झेपलं नसतं, आणि सोलापूर केवढंसं, कुणीतरी बघणारच. दिवस संपले तसा चौथ्या महिन्यापासून नवी पेठेत एका चादरीच्या दुकानात लागलो, संध्याकाळी चार ते नऊ, टॅलीत एंट्र्या आणि गिऱ्हाईक आलं की घड्या उलगडून दाखवायच्या, महिना 6 हजार. सकाळचं काम जास्त पैशाचं होतं, पण एचआरचे फोन अकरा ते एकमध्येच येतात, ती वेळ मी कुणाला विकली नाही.

फक्त आमच्या घराला लागून पॉवरलूम. खटखट खटखट सुरू. पुण्याच्या एका एचआर बाईंनी फोनवर विचारलं, "तुम्ही ट्रेनमध्ये आहात का?" मी हो म्हणालो, घाबरून. मग रोज साडेदहाला सायकल काढून सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसायचो, फाईल मांडीवर, फोन हातात. आताची चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी तिथंच बसून मिळाली, आणि त्या साहेबांनी पहिलं काय विचारलं माहितीये, "मागं घंटा कसली वाजतीय?"