मुळशीची पिशवी

श्रावणात माझं टेबल म्हणजे पाचोळ्याचं दुकान. देवराईतला पाला आणायचा, सुकवायचा, चाळायचा आणि ताटलीत पसरून ओल्या ब्रशच्या टोकाने जमिनीवरच्या गोगलगायींचे इवले शंख उचलायचे. चिमट्याने एवढ्याशा शंखाचं पीठ होतं. दरवर्षी एखादा नवा विद्यार्थी ते करून दाखवतोच.

मुळशीच्या पिशवीतून सहा मिलिमीटरचा, काचेसारखा लांबुडका शंख निघाला. आमच्या पोराने लगेच ‘अ‍ॅलोपियास’, म्हणजे लांबट शंखाच्या गोगलगायींची एक प्रजाती, असं लिहून टाकलं. लांबुडकं दिसलं की अ‍ॅलोपियास! मला ते पटेना. अ‍ॅलोपियास टोकाकडे निमुळता होत जातो. हा नळकांड्यासारखा, वर बोथट. मुख मातीने बुजलेलं. पाण्याचा थेंब सोडून, दोनच केस उरलेल्या ब्रशने कण कण ओढत बसले. वीसेक मिनिटांनी भिंगाखाली मुखाच्या कडेला उंचवटे दिसले. एक, दोन, तीन, चार. अ‍ॅलोपियासला असलं काही नसतं. आत वाळलेल्या अंगाची नारिंगी छटाही होती. हटोनेला बायकलर! इतर गोगलगायींना खाणारी शिकारी. त्या उंचवट्यांना आम्ही दात म्हणतो, पण खायचं काम जिभेवरच्या काट्यांचं.

सर खूश. “देवराईची नोंद झाली, लिहून टाका.”

तिथेच माझा हात अडला. ही जात 1834 मध्ये हटन नावाच्या अभ्यासकाने वर्णन केली ती भारतातल्याच नमुन्यांवरून, म्हणजे परकी म्हणता येत नाही. पण कुंड्यांच्या मातीतून ती जगभरच्या बागांत पोचलीय. आणि देवराईतल्या देवळामागे रोपांच्या काळ्या पिशव्यांचा ढीग मी स्वतः पाहिला होता. कुठल्याशा कंपनीचं वृक्षारोपण. जिथे आधीच राई आहे तिथे झाडं लावायची हौस! मी मात्र पाला भरताना भिंतीकडचा आणि आतल्या झाडाखालचा एकाच पिशवीत कोंबला. पाऊस आला होता, एवढीच माझी सबब.

गुरवकाकांना फोन केला.

“ताई, पिशव्या फाडल्या त्या तिथंच, भिंतीला लागून. माती पण तिथंच सांडली. का, काय झालं?”

“काही नाही काका. गोगलगाय सापडली एक.”

“त्यासाठी फोन?”

कुपीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तालुका, तारीख, जात लिहून झालंय. ‘अधिवास’पुढची जागा कोरी आहे. पुढच्या रविवारी दोन पिशव्या घेऊन जाणार आहे.