कोल्हापूरचे राजवाडे बघताना सनावळी हाताशी ठेवा

कोल्हापूरचा नवा राजवाडा शाहू महाराजांनी बांधला, असं सर्रास सांगितलं जातं. सन ताडून पाहिलं की हे टिकत नाही. काम १८७७ मध्ये सुरू झालं तेव्हा महाराज तीन वर्षांचे होते आणि कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव म्हणून वाढत होते. १७ मार्च १८८४ ला ते दत्तक आले, आणि राजवाडाही त्याच साली पुरा झाला. त्यांचा जन्म तर तिथून जवळच, कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा.

असे घोळ होतात ते नावांमुळे. या घराण्यात शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम हीच नावं फिरून फिरून येतात. त्यात क्रमांक लावायच्या दोन पद्धती: कुणी थोरल्या शिवाजी महाराजांपासून मोजतं, कुणी फक्त कोल्हापूरच्या गादीपासून. त्यामुळे एकच राजा एका पुस्तकात चौथा तर दुसऱ्यात पाचवा निघतो. टिपण करताना क्रमांक सोडा. घरगुती नाव आणि कारकीर्द लिहा. शहाजी ऊर्फ बुवासाहेब, शिवाजी ऊर्फ बाबासाहेब (१८३८–१८६६), असं.

फिरायला सुरुवात पन्हाळ्यापासून करावी. ताराबाईंनी वेगळी गादी मांडली ती तिथे, १७१० मध्ये. १७१४ मध्ये ताराबाईंच्या सवतीने, राजसबाईंनी, आपल्या मुलाला, संभाजीला, त्याच गादीवर बसवलं आणि ताराबाई कैदेत गेल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने साताऱ्याशी हद्द ठरली. संभाजी निपुत्रिक वारले, त्यांच्या राणी जिजाबाईंनी १७६२ मध्ये दत्तक घेतला, आणि त्या शिवाजींच्याच दीर्घ कारकिर्दीत राजधानी गडावरून खाली कोल्हापुरात आली.

खाली आल्यावरचं घर म्हणजे जुना राजवाडा, अंबाबाईच्या देवळाला लागून. नगारखाना, भवानी मंडप आणि आत तुळजाभवानीचं देऊळ: इथे राजाचं राहणं आणि कुळाचार एकाच आवारात होते. म्हणून मुक्काम नव्या राजवाड्यात गेला तरी देवी इथेच राहिली. दसऱ्याला तिची पालखी आजही इथूनच दसरा चौकात जाते आणि छत्रपती घराण्यातली मंडळी शमीपूजन करतात. हे बघायला जमलं तर जरूर जा. दोन वाड्यांतलं नातं तिथे डोळ्यांनी दिसतं.

नव्या राजवाड्याची गोष्ट मात्र दुःखाची आहे. १८६६ ते १८८४ या अठरा वर्षांत लागोपाठ तीन दत्तकविधानं झाली. बाबासाहेबांनी दत्तक घेतलेले राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि तिथे उभारलेल्या स्मारकाच्या छत्रीचा आराखडा इंग्रज वास्तुकार मेजर चार्ल्स मँट यांचा. याच मँटनी पुढे नवा राजवाडा आखला. तो बांधला जात असताना गादीवर होते दत्तक आलेले दुसरे एक शिवाजी महाराज. वेडे ठरवून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं, आणि २५ डिसेंबर १८८३ ला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. राजवाडा पुरा झालेला त्यांनी पाहिलाच नाही. मँटही १८८१ मध्येच गेले होते.

इमारतीपुढे उभं राहिलात तर आधी मधला घड्याळाचा मनोरा बघा, मग खांब आणि त्यांवरचे तोडे, म्हणजे वरचा भार पेलणारे दगडी आधार. काळा घडीव दगड आपल्याकडचा, नक्षीकामाचं वळण गुजरात-राजस्थानकडचं. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. ऊन काचांवर असतानाच आत शिरा, ढगाळ दिवशी ते फिके पडतात. तळमजल्यावरचं संग्रहालय १९७४ पासूनचं.

रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस शेवटी ठेवला तरी चालेल. तो १९३१ ते १९३४ मधला, शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज (१९२२–१९४०) यांच्या कारकिर्दीतला. फ्लॉरेन्सला वारलेले राजाराम ते हे नव्हेत.