बर्लिनच्या फळ प्रदर्शनातील भारतीय दालन : सरकारी साहाय्य घेऊन जाणाऱ्या निर्यातदारांसाठी

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये ‘फ्रूट लॉजिस्टिका’ हे ताज्या फळभाज्यांचे मोठे व्यापार प्रदर्शन भरते. दिंडोरी तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या वतीने २०२६ साली मी तेथे गेलो आणि अपेडाच्या, म्हणजे कृषी निर्यातीला चालना देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, भारतीय दालनात द्राक्षे मांडली. दालनाच्या खर्चातील काही वाटा सरकार उचलते आणि काही निर्यातदाराला सोसावा लागतो. आपला वाटा नेमका कशाकशाचा आहे हे निघण्यापूर्वी ज्याने ठरवलेले नसते त्याच्या हाती परतताना फक्त व्हिजिटिंग कार्डे राहतात, असे माझे तेथील निरीक्षण आहे.

आधी पैशाचा मार्ग समजून घ्यावा. परदेशी प्रदर्शने, खरेदीदार-विक्रेता भेटी आणि बाजारपेठांचा अभ्यास यांसाठी केंद्रीय वाणिज्य विभाग वर्षानुवर्षे ‘मार्केट ॲक्सेस इनिशिएटिव्ह’ या योजनेतून अर्थसाहाय्य देत आला. हा पैसा थेट निर्यातदाराच्या खात्यात येत नसून निर्यात प्रोत्साहन परिषदा, वस्तुमंडळे, व्यापारी संघटना यांच्यामार्फत उपक्रमावर खर्च होतो. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यात प्रोत्साहन अभियानाला मंजुरी दिली आणि विखुरलेल्या योजना एका छत्राखाली आणल्या. २०२५-२६ ते २०३०-३१ या सहा वर्षांसाठी त्याची तरतूद २५,०६० कोटी रुपयांची आहे. त्यातील ‘निर्यात प्रोत्साहन’ हा भाग कर्ज, व्याज आणि हमी यांच्याशी संबंधित आहे, तर ‘निर्यात दिशा’ हा भाग दर्जा, ब्रँड, वाहतूक आणि बाजारप्रवेश यांच्याशी. प्रदर्शनाला जाणाऱ्याचा संबंध दुसऱ्या भागाशी येतो. साहाय्यप्राप्त उपक्रमांत किमान ३५ टक्के सहभागी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग असावेत आणि आदल्या वर्षी ७५ लाख रुपयांपर्यंत निर्यात असलेल्यांना विमानभाड्याचा काही भाग मिळावा, असे त्याचे निकष आहेत.

७५ लाख म्हणजे द्राक्षांच्या हिशेबात जेमतेम पाच-सहा कंटेनर. एवढाच माल असलेली कंपनी युरोपातील सुपरमार्केट साखळीला आठवड्यामागून आठवडा पुरवठा करू शकत नाही, आणि जी करू शकते तिला विमानभाड्याची मदत मिळत नाही. मर्यादा चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, कारण नवख्याला पहिल्यांदा दाराशी नेणे हाच तिचा हेतू दिसतो. मात्र ज्यांना ते भाडे मिळते त्यांनी मोठ्या साखळ्यांच्या मागे न लागता घाऊक आयातदारांकडे वळावे, हे त्यातून निघते.

कागदपत्रांपैकी आयात-निर्यात कोड आणि अपेडाकडील नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र चालू मुदतीचे असणे ही पहिली अट आहे. व्हिसासाठी आयोजकांचे निमंत्रण, सहभागाचे पत्र आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते. द्राक्ष हंगाम ऐन भरात असल्यामुळे कंपनीतील जबाबदार माणसांना मुंबईच्या खेपा नकोशा होतात, म्हणून हे काम छाटणीच्या दिवसांतच उरकावे. नमुन्यांबाबत मात्र खास सावध राहावे. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे सोडल्यास कोणतेही ताजे फळ फायटोशिवाय, म्हणजे वनस्पती स्वच्छता प्रमाणपत्राशिवाय, नेता येत नाही आणि प्रवाशाच्या बॅगेलाही हाच नियम लागू आहे. द्राक्षांची पेटी हातात घेऊन विमानात बसण्याचा विचार कोणी करू नये. नमुने प्रमाणपत्रासह हवाईमार्गे रीतसर पाठवावेत, किंवा आधीच रॉटरडॅमला पोहोचलेल्या आपल्या मालातून आयातदाराकडून मागवावेत. हा दुसरा मार्ग मला अधिक पटला, कारण समुद्रप्रवास करून आलेल्या द्राक्षाचा देठ किती हिरवा राहिला हेच खरेदीदार पाहतो. काल तोडलेला घड त्याला काहीच सांगत नाही.

बर्लिनमध्ये राहण्याची सोय प्रदर्शनाच्या काळात महाग होते, आणि मैदानाजवळच्या खोल्या आधी भरतात. कैसरडाम या भुयारी रेल्वेच्या यू-२ मार्गावरील स्थानकाच्या आसपास जागा मिळाली नाही तर त्याच मार्गावर दूर राहावे. शहर वाहतुकीच्या भाड्यासाठी विमानतळ ‘सी’ क्षेत्रात येतो, त्यामुळे तेथे येता-जाता आतल्या ‘ए’ व ‘बी’ क्षेत्रांपुरते ‘एबी’चे तिकीट चालत नाही. पारा शून्याच्या आसपास असतो, सभागृहे मोठी आहेत आणि दिवसभर चालावे लागते, तेव्हा नव्या बुटांचा मोह टाळावा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे शेजारच्या दालनांची. आपल्या दालनात प्रत्येक निर्यातदाराला छोटा कप्पा मिळतो, त्यावर कंपनीचे नाव असते आणि समोर एक टेबल. शेजारच्या कप्प्यात बसलेला नाशिककरच आपला स्पर्धक असतो आणि त्याच आयातदाराला पाच पैसे कमी सांगायला तयार असतो. दक्षिण आफ्रिकेची रचना वेगळी आहे. तेथे १९९६ च्या कृषी विपणन कायद्यानुसार उद्योगाने मागणी केल्यास वैधानिक उपकर लावता येतो आणि द्राक्ष उद्योगाची संघटना निर्यातीवरील अशा उपकरावर चालते. बागायतदाराचा स्वतःचा पैसा त्यात असल्यामुळे हंगामाचा अंदाज, पाहणी आणि बाजारविकास ही कामे सर्वांच्या नावाने होतात. अमेरिकेत ‘मार्केट ॲक्सेस प्रोग्रॅम’ आहे, आणि त्यात दरवर्षी २० कोटी डॉलरच्या सरकारी पैशाला उद्योगाच्या वाट्याची जोड द्यावी लागते. एखाद्या पिकाच्या सामायिक प्रचारासाठी किमान १० टक्के आणि स्वतःच्या ब्रँडसाठी किमान ५० टक्के खर्च लाभार्थ्याने करायचा असतो. वॉशिंग्टनच्या सफरचंदांच्या भारतातील प्रचाराला याच योजनेचा हातभार लागत आला आहे; त्याचा परिणाम पाहण्यासाठी वाशीच्या फळबाजारात फेरी मारली तरी पुरे.

या फरकातले मर्म मला असे दिसते की सरकारने सामायिक कामाला जास्त आणि खासगी नावाला कमी पैसा द्यावा. आपल्याकडे साहाय्याचा मोठा भाग जागेच्या भाड्यात आणि सजावटीत जातो, आणि ‘भारतीय द्राक्ष’ म्हणून सांगायची गोष्ट कोणाच्याच टेबलावर नसते. खरे तर ती सांगण्यासारखी आहे. २००३ साली कीडनाशकांच्या अंशांवरून युरोपात आपल्या द्राक्षांना फटका बसला, त्यानंतर अपेडाने ग्रेपनेट ही बागेपासून पेटीपर्यंत माग काढणारी यंत्रणा उभारली, आणि २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांचा पुन्हा तडाखा बसल्यावर तपासणी आणखी कडक झाली. एका डच आयातदाराने २०१० चा विषय अजूनही काढला. अशा वेळी ग्रेपनेटमधील आपल्या प्लॉटची नोंद लॅपटॉपवर उघडून दाखवणे हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी पडते. म्हणून मालकाबरोबर दुसरा माणूस न्यायचा झाल्यास फवारणीच्या नोंदी तोंडपाठ असलेला पॅकहाऊसचा माणूस न्यावा.

खरेदीदारांचे प्रश्न ठरलेले असतात. ग्लोबलगॅप, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतींचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, आहे का, कामगारांविषयीची ग्रास्प पाहणी झाली आहे का, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात कीडनाशकांचे किती घटक सापडतात? जर्मन सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेपेक्षा कडक अटी घालतात आणि एकूण सक्रिय घटकांच्या संख्येवरही बंधन ठेवतात. तांबड्या समुद्रातील संकटानंतर जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्याने दहा ते चौदा दिवस वाढतात, तेव्हा मालाच्या टिकाऊपणाविषयी नेमके उत्तर तयार हवे. २७ जानेवारी २०२६ रोजी भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली होती, त्यामुळे शुल्काचा विषय प्रत्येक टेबलावर निघत होता. आपल्या द्राक्षांवर ८ टक्क्यांच्या आसपास शुल्क पडते, तर दक्षिण आफ्रिका, पेरू आणि चिली यांना त्यांच्या करारांमुळे ते पडत नाही. घोषणा झाली म्हणजे करार लागू झाला असे नव्हे. त्या भरवशावर याच हंगामाचा भाव कबूल करणारे पाहून मला काळजी वाटली.

भेटी डिसेंबरमध्येच ईमेलने ठरवून घ्याव्यात. दालनात येऊन थांबणारे बहुतेक लोक पॅकिंगचे साहित्य, लेबले आणि वाहतूक विकणारे असतात. ज्या आयातदाराची आपल्याला गरज असते तो स्वतःच्या दालनात, स्वतःच्या वेळापत्रकाने बसलेला असतो. त्याच्याकडे आपणच जावे लागते, आणि तेवढ्या वेळेसाठी आपल्या टेबलावर दुसरा माणूस ठेवावा लागतो. नव्या आयातदाराने कन्साइनमेंटवर, म्हणजे विक्रीनंतर मिळेल त्या भावावर, माल मागितला तर किमान हमीभाव लिहून घ्यावा आणि पहिला कंटेनर लोड होण्यापूर्वी ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीकडून त्याची पत तपासून विमा घ्यावा.

विमानभाड्याचा दावा परतल्यावर होतो, म्हणजे पैसे आधी आपल्याच खिशातून जातात. इकॉनॉमी वर्गाचे तिकीट घ्यावे, बोर्डिंग पास छापील मागावेत आणि दालनशुल्काच्या पावतीवर नोंदणीतील कंपनीचेच नाव आहे याची खात्री करावी. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन, म्हणजे युरोपातील सामायिक व्हिसाच्या देशांच्या, सीमेवर प्रवेशाची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर जाऊ लागली आहे. पासपोर्टवर शिक्का मिळेलच असे राहिलेले नाही, त्यामुळे प्रवासाचा पुरावा म्हणून बोर्डिंग पासाचे ते कागद पूर्वीपेक्षा अधिक जपून ठेवावेत.